पहिल्या पानाची बखर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या मुलांना आपल्या तालुक्यातल्या नदीविषयी माहिती लिहून आणायला सांगितले होते. बत्तीस वह्या टेबलावर आल्या आणि पाहतो तो काय, बत्तीसही वह्यांत तीच सहा वाक्ये, तीच एक चूकसुद्धा! विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "गुरुजी, मोबाइलवर पहिलं तेच येतं." यावर मी चार शब्द सुनावणार, तोच मागच्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण गुरुजी, पहिला नंबर कोण ठरवतं?"

प्रश्न मला लागला, याचे कारण नंबर ठरवणे हा माझा धंदाच. गेली वीस वर्षे मी मुलांचे नंबर काढतो आहे. पण निकालानंतर कोणाचा बाप शाळेत आला आणि म्हणाला, "मास्तर, पोराचा पेपर दाखवा," तर मला तो काढून दाखवावा लागतो. एखादा गुण राहून गेला असेल तर मुकाट्याने द्यावा लागतो. या यंत्राकडे पेपर कोण मागणार? "उद्या सांगतो" म्हणून त्या दिवशी मी वेळ मारून नेली. त्या उद्याची दिवाळी झाली. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

ही बखर फार जुनी नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरच्या चांगल्या चांगल्या संकेतस्थळांची यादी करायला घेतली. तिचेच पुढे 'याहू' झाले. ती यादी माणसे हाताने करीत, ग्रंथपाल पुस्तके लावतो तशी. पण स्थळे वाढली आणि माणसांचे हात पुरेनात. १९९५ च्या डिसेंबरात 'अल्टाव्हिस्टा' आले. हे यंत्र, ते पानांतले शब्द वाचून काढी. व्यापारी माणूस बोलूनचालून हुशार. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायची युक्ती त्याने शोधली. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसते!

याच स्टॅनफर्डात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या आणखी दोन विद्यार्थ्यांनी निराळा हिशेब मांडला आणि १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. पान स्वतःविषयी काय सांगते त्याला फार महत्त्व देऊ नका. दुसरी किती पाने त्याच्याकडे बोट दाखवतात ते मोजा, आणि बोट दाखवणारा स्वतः किती वजनदार तेही मोजा. वाचकांना यात नवल वाटू नये. सोयरीक जुळवताना आपले वडीलधारे दुसरे काय करतात? मुलगा स्वतःचे गुण सांगतो त्याला कोण विचारतो! गावात चौकशी करायची, आणि तीही चार भल्या माणसांकडे. एवढ्या एका विचारावर 'गूगल' उभे राहिले. त्याच निबंधाच्या पुरवणीत या दोघांनी एक इशाराही देऊन ठेवला होता, की जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. दोनच वर्षांनी, २००० साली, गूगलने शोधाच्या पानावर जाहिराती विकायला काढल्या. असो. माणसाचे तरुणपणीचे निबंध त्याच्यापुढे फार धरू नयेत. माझेही काही आहेत.

भल्या माणसांच्या शिफारशीला किंमत आली, तशी ती विकत मिळू लागली. मग गूगलने नियम बदलायचे, व्यापाऱ्यांनी पळवाट काढायची, पुन्हा गूगलने नियम बदलायचे, असा खेळ सुरू झाला. यातला २००३ च्या नोव्हेंबरातला फेरफार जुने लोक अजून विसरलेले नाहीत. वादळांना नावे देतात तसे त्याला धंद्यातल्या लोकांनी 'फ्लोरिडा' असे नाव दिले. नाताळ तोंडावर आला होता. वर्षाची कमाई त्या पाचसहा आठवड्यांत करणारे छोटे दुकानदार सकाळी उठून पाहतात तो आपले दुकान यादीतून नाहीसे! धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कोणी लक्ष्मी रोडवरचे दुकान उचलून पर्वतीच्या मागे नेऊन ठेवावे तसे झाले. त्यांत शब्दांची खोगीरभरती करणारे लबाड पुष्कळ होते, हे खरेच. पण सुक्याबरोबर ओलेही जळाले, आणि आपण सुके की ओले हे सांगणारे कोणी भेटले नाही.

२४ फेब्रुवारी २०११ चा फेरफार नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावावरून 'पांडा' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतल्या दर शंभर शोधांपैकी सुमारे बारांची उत्तरे त्याने हलवली. तेव्हा लोक काय शोधतात ते पाहून त्यावर सुमारे १५ डॉलरला एक या दराने लेख पाडून घेणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. 'डिमांड मीडिया' ही त्यांतली मोठी. जानेवारी २०११ मध्ये तिचे समभाग बाजारात आले, तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीहूनही अधिक झाली होती! पांडाने या गिरण्यांची चाके रुतवली. पुढच्या वर्षी 'पेंग्विन' आला, तो विकतच्या शिफारशींवर. या दोन्ही गोष्टी मला मनापासून पटतात. बत्तीस सारख्या वह्या पाहून माझाही हात लाल पेनाकडेच गेला होता.

पण त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर लबाडांच्या गोष्टीत नाही. ते इंग्लंडातल्या एका नवराबायकोच्या गोष्टीत आहे.

अ‍ॅडम आणि शिवॉन रॅफ. दोघेही संगणकाच्या क्षेत्रातली. बरी चाललेली नोकरी सोडून त्यांनी 'फाउंडेम' नावाचे संकेतस्थळ काढले. एकच वस्तू निरनिराळ्या दुकानांत काय भावाने मिळते ते तिथे कळे. गिऱ्हाईक तिथून दुकानात गेले की दुकानदार थोडा मोबदला देई. २००६ च्या जूनमध्ये स्थळ सुरू झाले, आणि थोड्याच दिवसांत गूगलच्या यादीत ते पार तळाला गेले. इतर शोधयंत्रांत ते ठीक जागी होते, गूगलमध्येच नव्हते. दोघांना वाटले, काही चूक झाली असेल, कळवले की दुरुस्त होईल. कळवले. पुन्हा कळवले. २००८ च्या डिसेंबरात तिथल्या चॅनेल फाइव्हवरच्या एका कार्यक्रमाने त्यांच्या स्थळाला भाव तुलनेत देशात उत्कृष्ट ठरवले. वर्गात पहिला आलेला मुलगा हजेरीपटावरच नाही, अशातला प्रकार! ती शिक्षा उठायला २००९ चे वर्ष सरत आले. तोवर दांपत्याने ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाकडे तक्रार गुदरली होती.

गूगलची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, फाउंडेमवरचा बराच मजकूर दुसऱ्या स्थळांवरून घेतलेला होता, आणि यादीचा क्रम शोधणाऱ्याच्या सोयीसाठीच लावला जातो. पण आयोगाला दिसले ते निराळेच. भावाची तुलना करून देणारे दुकान गूगलचे स्वतःचेही होते! आयोगाने सुमारे १७० कोटी शोधांची उत्तरे तपासली. गूगलचे दुकान पानाच्या माथ्यावर. प्रतिस्पर्ध्यांतला सर्वांत वरचा सरासरीने चौथ्या पानावर. आणि चौथे पान म्हणजे काय, तर आयोगाच्याच हिशेबाने साध्या यादीतल्या शंभर टिचक्यांपैकी पंचाण्णव पहिल्या पानावरच पडतात; दुसऱ्या पानावरच्या पहिल्या नावाला एक मिळते. इंग्लंडातल्या काही स्थळांची वर्दळ अशाने ८५ टक्क्यांनी आटली.

२७ जून २०१७ रोजी आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दुकान असणे हा गुन्हा ठरला नाही. यंत्राने लावलेल्या क्रमात इतरांना मागे सारणारे नियम स्वतःच्या दुकानाला लावले नाहीत, हा ठरला. मी माझ्या मुलाला माझ्याच वर्गात बसवले, याला कोणाची हरकत नाही; पण सगळ्यांचे पेपर तपासले आणि त्याचा न तपासताच त्याला पहिला लावला, तर गाव मला शाळेत राहू देईल काय? गूगलने अपील केले. २०२१ च्या नोव्हेंबरात ते बहुतांशी फेटाळले गेले, आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या वरिष्ठ न्यायालयानेही दंड कायम केला. तक्रारीपासून जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती.

त्याच २०२४ सालात गूगलने नवी पद्धत आणली. अमेरिकेत मे महिन्यात, आपल्याकडे ऑगस्टात. पुष्कळ प्रश्नांना आता यंत्र स्वतःच उत्तर लिहून यादीच्याही वर ठेवते. खालच्या पानांवरूनच ते गोळा केलेले असते, पण वाचणाऱ्याला त्या पानांपर्यंत उतरायचे कारण उरत नाही. त्या वह्यांतली सहा वाक्ये मुळात कोणी लिहिली, हे मी अजून शोधतो आहे.

दिवाळीच्या सुटीआधी मी वर्गात ही सगळी हकीकत सांगितली. पोरे दंडाच्या आकड्यातली शून्ये मोजण्यात रमली. ती मुलगी मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. तास संपल्यावर टेबलाशी आली.

"गुरुजी, मग त्यांचं दुकान पुन्हा चालू झालं का?"

"नाही बाळ. ते २०१६ सालीच बंद झालं."

"निकालाच्या आधी?"

"दंडाच्या एक वर्ष आधी."

तिने वही उघडली, निकालाचे साल लिहिले होते त्याच्यावर हे साल लिहिले आणि खाली रेघ मारली.