जुनं कर्ज, वसुलीवाल्याचा फोन आणि तीन वर्षांची मुदत

सात-आठ वर्षांपूर्वीचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड. मधली वर्षं सगळं शांत, आणि एक दिवस वसुली एजन्सीचा फोन येतो: आज निदान पाचशे रुपये भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. आपलं नाव पाहून काही एजंट वर हेही ऐकवतात की तुमच्या धर्मात तर कर्ज बुडवणं गुनाह आहे. घाबरून माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो. त्या सहीआधी काय माहीत असावं, ते आम्ही इथे देत आहोत.

1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत दाखल व्हावा लागतो. हप्त्यांच्या कर्जात प्रत्येक थकलेल्या हप्त्याची मुदत त्या हप्त्याच्या तारखेपासून चालते. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या हातउसन्या पैशांची मुदत तर पैसे दिले त्याच दिवसापासून सुरू होते. नात्यात कर्ज-ए-हसना देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत कर्ज साक्षीदारांसह लिहून ठेवायला सांगितलंय ते उगाच नाही. घर किंवा जमीन गहाण असेल तर मुदत 12 वर्षांची.

खरी गोम सहीत आहे. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी तुम्ही 'देणं आहे' असं लेखी मान्य केलं, किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद झाली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत संपून गेल्यावर नुसते पाचशे भरल्याने जुना दावा जिवंत होत नाही. पण 'मी ही रक्कम फेडीन' असं लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करार ठरतो आणि त्यावर कोर्टात जाता येतं. एजंटला बहुतेक वेळा हाच कागद हवा असतो. नवा चेकही देऊ नका. तो वटला नाही तर फौजदारी प्रकरण मागे लागू शकतं.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम 92 प्रमाणे सभासदाच्या देण्याची मुदत तो वारल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजतात. 'तीन वर्षं झाली, आता सुटलो' हा हिशेब पतसंस्थेला लावू नका.

मुदत संपली की कोर्टाचा रस्ता बंद होतो, देणं मिटत नाही. कायदा तसंच म्हणतो आणि शरीयतही. मयताच्या मालमत्तेतून कफन-दफननंतर आधी कर्ज फेडायचं, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. अब्बांच्या कर्जासाठी वारस जबाबदार असतात ते मिळालेल्या वारशापुरतेच. मुलगा जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर त्याच्या पगारावर हात टाकता येत नाही. मनावरचं ओझं उतरवायला फेडायचंच असेल तर जरूर फेडा, पण एजंटच्या मोबाईल नंबरवर नको. बँकेकडून खात्याचा उतारा मागा, पैसे बँकेच्या खात्यात भरा, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, सगळं बंद. बचत गटातल्या आपल्या अम्मी-खालांनी घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाला वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6. ठरलेल्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. आलेल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही. धमकी देणं मात्र आहे, त्याची तक्रार 112 वर किंवा पोलीस ठाण्यात करता येते.

फोनची तारीख, वेळ, नंबर टिपून ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते. माहितीसाठी फोन 14448.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र, कर्ज कितीही जुनं असो, तारखेला हजर राहा. गैरहजेरीत हुकूमनामा झाला तर त्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.