पऱ्हाटीवरची गाठ

साल १९०२. दसरा तोंडावर आलाय. हिंगोली अजून निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात आहे. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पलटणीची ही शेवटची शेवटची वर्षं. तुम्ही मात्र कयाधूकाठच्या कपाशीत उकिडवे बसला आहात. हलू नका.

समोरच्या पानाखाली ती उलटी लटकलीय. हिरवीगार, पोट जडशीळ, पुढचे काटेरी पाय जोडलेले. खंडोबाचा किडा. तिच्या मागे वीतभर अंतरावर तो आहे, सडपातळ, तपकिरी. एक पाऊल टाकतो, थबकतो. ती तिकोनी मुंडकं वळवते, तो वाळल्या काडीसारखा निश्चल. ती तोंड फिरवते, मग आणखी एक पाऊल. ऊन कलतं तरी ती वीत सरत नाही. अखेर पंख फडकतात आणि तो थेट तिच्या पाठीवर.

पोटाचं टोक वाकवून तो तिच्याशी जुळतो. बऱ्याच वेळाने ती मागे वळते, काटेरी पायांचा अडकित्ता मिटतो आणि ती त्याचं मुंडकं खाऊ लागते. तुम्हाला वाटतं, खेळ संपला. पण बिनमुंडक्याचं धड कामाला लागलेलंच राहतं, उलट जास्त जोमाने.

कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र यांनी फ्रान्समध्ये असाच प्रसंग १८९७ साली छापलाय. त्याचा उलगडा १९३५ मध्ये शास्त्रज्ञ केनेथ रोडर करतील. मीलनाची हालचाल पोटाच्या टोकाशी असलेली मज्जागाठ चालवते. डोक्यातली गाठ तिला लगाम घालते. डोकं गेलं की लगाम सुटला. या किड्याच्या चिनी जातीवरचा २०१६ चा प्रयोग पुढची गोष्ट सांगेल. नराला खाल्लेल्या माद्यांनी जास्त अंडी घातली आणि नराच्या देहातलं द्रव्य त्या अंड्यांत उतरलं.

शेजारच्या तासात दुसरी जोडी आहे. तिथल्या मादीने आत्ताच एक टोळ फस्त केलाय. तिचा नर काम उरकतो आणि धडधाकट उडून जातो. म्हणजे हा क्रूरपणा नव्हे, बराचसा पोटाचा प्रश्न आहे.

आता परत या. हिंगोली १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे आणि या रानात सोयाबीन, हळद दिसते. कपाशीही आहेच. वेचणी झाली की पऱ्हाटीवर वाळल्या फेसासारखी एखादी मातकट गाठ दिसेल. ती याच किड्याच्या अंड्यांची. बाहेर पडलेली पिल्लं मावा, तुडतुडे टिपत वाढतात. पऱ्हाटी पेटवण्याआधी तेवढी काडी मोडा आणि बांधावरच्या झुडपात खोचून ठेवा.