विमानाचें वय

एखादें विमान धावपट्टीवरून घसरल्याची वार्ता आली कीं वारंवार विमानानें जाणाऱ्या मंडळींत पहिला प्रश्न ठरलेला असतो : विमान किती वर्षांचें होतें ? ५ मार्च २०१५ रोजीं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर, बर्फ पडत असतां, डेल्टा कंपनीचें एक एम्. डी. ८८ जातीचें विमान उतरतांच डावीकडे भरकटलें आणि कुंपण मोडून खाडीच्या कांठीं, नाक बांधापलीकडे काढून, थांबलें. आंतील १३२ माणसांपैकीं कोणीहि दगावलें नाहीं. विमान १९८७ सालीं बांधलेलें. तेव्हां दोष म्हातारपणाचा, असा तर्क करणें प्रवाशास सोपें होतें. परंतु अमेरिकेच्या चौकशी मंडळाचा निर्णय निराळा पडला. ह्या जातीचीं एंजिनें शेपटीजवळ असतात. वेग आवरण्यासाठीं कप्तानानें उलटा रेटा प्रमाणाबाहेर दिला. त्यामुळें सुकाणूवरून वाहणारी हवा विस्कटली आणि सुकाणूचा अंमल चालेना. नव्या विमानालाहि हें चुकलें नसतें.

वयाचा प्रश्न व्यर्थ आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो वर्षांत मोजावा कीं आणखी कशांत, एवढेंच पाहावयाचें आहे; आणि त्यासाठीं जेट विमानांच्या बालपणाकडे जावें लागतें.

२ मे १९५२ रोजीं 'कॉमेट' विमान लंडनहून जोहान्सबर्गला निघालें आणि जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली. सहा महिनेहि लोटले नाहींत तोंच, २६ ऑक्टोबरला, रोमच्या धावपट्टीवर एक कॉमेट उचललेंच गेलें नाहीं व पट्टी ओलांडून मोडलें. ३ मार्च १९५३ रोजीं कराचीस तसेंच घडलें. तें विमान तर कारखान्यांतून मालकाकडे चाललेलें, अगदीं कोरें होतें. त्यांत अकरा माणसें मेलीं. दोन्ही वेळां नाक फार उंच धरलें गेलें, पंखांचा आधार गेला आणि वेग वाढेना. रोमच्या अपघाताचें खापर कप्तानाच्या माथ्यावर फुटलें; त्यास मालवाहू विमानांवर धाडण्यांत आलें. पंखाच्या पुढल्या कडेचा आकार मागाहून बदलण्यांत आला. म्हणजे दोष यंत्रांतहि होता, असें कारखान्यानें कृतीनें मान्य केलें. त्या गृहस्थाचें झालेलें नुकसान त्यानें भरून निघालें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या इतिहासांतील सर्वांत अप्रिय वाटते.

पुढें १० जानेवारी १९५४ रोजीं एल्बा बेटाजवळ एक कॉमेट आकाशांतच फुटलें. पस्तीसच्या पस्तीस माणसें गेलीं. जोहान्सबर्गची ती पहिली फेरी करणारें विमान हेंच. ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरें फुटलें. तेव्हां फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं एक जुनें कॉमेट पाण्याच्या टाकींत ठेवलें आणि त्याच्या पोटांतील दाब पुनःपुन्हा वाढवून उतरविला. खऱ्या १,२२१ व कृत्रिम १,८३६, मिळून ३,०५७ उड्डाणांइतका ताण सोसल्यावर त्याचा पत्रा उलला. एल्ब्याजवळ पडलेल्या विमानाची १,२९० उड्डाणें झालीं होतीं. विमान वर चढतें तेव्हां आंतल्या दाबलेल्या हवेनें त्याचें अंग किंचित् फुगतें, उतरतें तेव्हां सैल पडतें. तार वारंवार वाकवली कीं जशी तुटते, तसा धातु ह्या फुगण्या-बसण्यानें शिणतो. दोन वर्षेंहि प्रवासी न वाहिलेलें कॉमेट ह्या हिशेबानें जख्ख म्हातारें होतें !

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू हवाई बेटांत दिसली. अलोहा कंपनीचें एक बोइंग ७३७ तेथें एकोणीस वर्षें बेटाबेटांमधील अगदीं जवळच्या फेऱ्या करीत होतें. फेऱ्या जवळच्या, म्हणून संख्येनें फार : ८९,६८०. त्यांत समुद्राची खारी हवा. पत्र्यांच्या सांध्यांतील चिकटा निकामी झाला, भार रिव्हेटांवर आला, भोकाभोकांपाशीं भेगा पडल्या आणि त्या एकमेकींस मिळाल्या. २८ एप्रिल १९८८ रोजीं चोवीस हजार फुटांवर विमानाचें पुढलें छप्पर उडून गेलें. एक परिचारिका त्याबरोबर गेली. वैमानिकांनीं बाकीच्यांस तशा उघड्या विमानांत मावी बेटावर जिवंत उतरविलें.

चौकशींत निघालें कीं चढतांना एका प्रवासिनीस दाराजवळ भेग दिसली होती. ती कोणास बोलली नाहीं. तिला दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कंपनीच्या तपासनीसांच्या हातून जें सुटलें, तें बोलून दाखविण्याचा धीर तिकीट काढून बसणाऱ्यास कोठून यावा ? जुन्या विमानांची तपासणी व त्यांचीं दप्तरें ह्यांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा अमेरिकेनें १९९१ सालीं केला. २०१० च्या नियमानें तर मोठ्या विमानांच्या कारखानदारांस प्रत्येक जातीच्या आयुष्याची मर्यादा ठरवून देणें भाग पडलें, आणि ती वर्षांत नव्हे, फेऱ्यांत व उड्डाणाच्या तासांत.