डोक्यावरचं ओझं आणि वीस तोंडांचा फासा

गेलं वर्षभर दर शनिवारी रात्री मी एक खेळ खेळते आहे. नातू म्युनिकला, त्याचे मित्र एक बंगळूरला आणि एक टोरांटोला, आणि मी इथे धायरीत. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. पट आणि सोंगट्या असतात, पण नावापुरत्या. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन "मी दार ढकलते", "मी राक्षसाशी बोलून बघते" असं सांगतात, आणि ते साधलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. (पस्तीस वर्षं वर्गात गोष्टी सांगितलेल्या बाईला यात करमलं नाही तरच नवल!)

लांबून खेळणं काही नवं नाही. १८९७ साली ब्रिटिश आणि अमेरिकन लोकप्रतिनिधी समुद्राखालच्या तारेवरून बुद्धिबळ खेळले. १९६५ साली बॉबी फिशरने न्यूयॉर्कमध्ये बसून हवानाची स्पर्धा टेलिप्रिंटरवरून खेळली. आणि २०२० सालचं ऑनलाइन ऑलिंपियाड आठवतं ना? आपला नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता. अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखचं आणि निहाल सरीनचं इंटरनेट ऐन डावात तुटलं, आणि शेवटी भारत-रशियाला सुवर्णपदक विभागून दिलं गेलं. पण बुद्धिबळाला आवाज लागत नाही. घोडा कुठून कुठे गेला हे चार अक्षरांत कळवता येतं. आमचा खेळ म्हणजे नुसतं बोलणं. ऐकू आलं नाही तर खेळच नाही.

आणि सत्तरीनंतर कान आधी काय सोडतात, तर बारीक आवाज. स, श, थ ही अक्षरं विरघळल्यासारखी होतात. "काय म्हणालास?" असं माणूस दोनदा विचारतं, तिसऱ्यांदा नुसतं हसून मान डोलावतं. मग समोरचेही विचारायचं सोडतात. मला ते नको होतं, म्हणून हेडसेट घ्यायचा ठरवला आणि सवयीप्रमाणे आधी त्याचा इतिहास धुंडाळला.

हे यंत्र खेळासाठी जन्मलंच नाही, ते आलं टेलिफोन एक्स्चेंजमधून. सुरुवातीला तिथे पोरं कामाला असत, ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत. म्हणून १८७८ साली बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली बाई ऑपरेटर नेमली गेली. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्स्चेंज १८८२ सालात सुरू झाली. हात मोकळे हवेत म्हणून त्या काळी एक साधन निघालं, ते चक्क खांद्यावर टेकवायचं आणि वजन कित्येक किलो! १९१० मध्ये नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या युटामधल्या गृहस्थाने घरी बनवलेले हेडफोन अमेरिकन नौदलाला पाठवले. आवाज पसंत पडला, पण डोक्यावरचा पट्टा सोयीचा नव्हता. तेव्हा त्याने चामड्यात गुंडाळलेल्या, मागेपुढे सरकणाऱ्या दोन तारांचा पट्टा केला. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात प्लँट्रॉनिक्स कंपनी निघाली, तीही वैमानिकांना हलका हेडसेट हवा म्हणून. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगचा आवाज चंद्रावरून आला तो त्यांच्याच हेडसेटमधून. १९७९ च्या वॉकमनचे हेडफोन तर पन्नास ग्रॅमच्या आत आले.

माझी अक्का ट्रंक ऑपरेटर होती. तीन-तीन मिनिटांचे कॉल, पी.पी., अर्जंट, लायटनिंग, सगळं तिच्या तोंडी. घरी आली की आधी केस मोकळे सोडून कानामागे तेल चोळायची. हेडसेट निवडताना माझी पहिली कसोटी अक्कामुळेच ठरली : वजन. आठ तास ड्युटी करणारीला जे सोसवेल ते आम्हाला तीन तास नक्कीच सोसवेल.

म्हणून मी गेमिंगवाले, दिवे लुकलुकणारे, जाडजूड हेडसेट बाजूला ठेवले आणि कॉल सेंटरमध्ये वापरतात तशातला, पण दोन्ही कानांचा घेतला. हजार-दीड हजारात चांगला मिळतो. कानावरच्या गाद्या स्पंजच्या किंवा कापडी बघाव्यात, रेक्झिन उन्हाळ्यात घामेजतं आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. स्पंजमधून बाहेरचंही थोडं ऐकू येतं, म्हणजे कुकरची शिट्टी चुकत नाही. माइक दांडीवरचा हवा, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर. अगदी समोर धरला तर श्वासाचे फुसफुस आवाज जातात. वायरचाच घ्या. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बऱ्याचदा ऐकू येणारा आवाज खालच्या दर्जाचा होतो, आणि चार्जिंग संपायचं ते नेमकं राक्षस समोर आल्यावर! घ्यायच्या आधी आपल्या कॉम्प्युटरला यू.एस.बी. लागतं की गोल पिन, तेवढं पाहून जा.

आणखी एक फायदा. पूर्वी स्पीकरमधून निघालेला आवाज माझ्याच माइकमध्ये शिरून मुलांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू जायचं. "आजी, तुझ्या घरात गुहा आहे का गं?" नातू विचारायचा. ते आता थांबलं.

परवा अक्का आली होती, तिच्या डोक्यावर चढवून पाहिला. हात वर नेऊन तिने तो चाचपला आणि म्हणाली, "अगं, हा घातलाय का नाही तेच कळत नाही!" मग माइक ओठांशी ओढून घेतला आणि जुन्या सवयीने म्हणाली, "तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?"