मावळपट्टीतील तीरकामठा व मचाणावरील मृगया

महाराष्ट्राच्या इतिहासात तलवार, भाला व दांडपट्टा यांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्या मानाने तीरकामठ्याच्या वाट्याला फारच थोडे शब्द आले. वास्तविक सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या महादेव कोळी समाजाला आणि शेजारच्या ठाकर व कातकरी बांधवांना रानाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती, आणि कातकऱ्यांच्या हातचा तीरकामठा हे त्या विद्येचे एक प्रमुख साधन होते. आज आपल्यापैकी कित्येक कुटुंबे भोसरी, पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांच्या आश्रयाने नांदत आहेत. त्यांच्या मुलाबाळांना ही विद्या ठाऊक नसावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु डोंगरचे लोक म्हणजे चोरून शिकार करणारे, असा शेरा त्यांच्या कानांवर अधूनमधून पडतो. त्या शेऱ्याचा उगम कोठे आहे, हे ज्ञातिबांधवांच्या नजरेस आणून द्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करू. चाकण हे गाव दोन निसर्गांच्या सीमेवर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस भीमा व भामा यांच्या उगमाकडील मुसळधार पावसाचा मुलूख. तेथे हिरडा, जांभूळ, अंजन व उंबर यांची दाट झाडी, आणि त्या झाडीत सांबर, भेकर व चिमुकली पिसोरी यांची वस्ती. पूर्वेस शिरूर, बारामती व इंदापूरकडील कमी पावसाची माळराने; तेथे काळवीट व चिंकारा. पिंपरी व चिंचवड या नावांतच झाडे दडलेली आहेत. परंतु तेथून पूर्वेकडे जावे तसतशी झाडे विरळ होत जातात. या भेदामुळे मृगयेचेही दोन संप्रदाय झाले. माळावर आडोसा नाही, म्हणून तेथील फासेपारध्यांनी फास लावण्याची कला पूर्णत्वास नेली. शिकविलेल्या बैलाच्या आडून ते काळविटाच्या कळपापर्यंत जात. रानात मात्र झाडच आडोसा, झाडच आसन. तेथे तीरकामठा व मचाण यांची जोडी जमली.

या विद्येचे प्राचीनत्व सांगावयास पुराणातील एकलव्यापर्यंत जाण्याची गरज नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी वसाहतीत हरिणवर्गातील प्राण्यांची हाडे सापडली. विशेष असे की, अखेरच्या काळात पाऊसमान घटून शेती खालावली, तेव्हा तेथील लोक शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर अधिकाधिक विसंबू लागले. धान्य नसेल तेव्हा रान पोसते, हा अनुभव आपल्या भागात तीन हजार वर्षांचा जुना आहे.

जुन्नर परिसराच्या वैभवाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या सातवाहनांच्या कुळातील हाल राजाने संकलित केल्याचे मानले जाणाऱ्या 'गाथासप्तशती'तही व्याध वारंवार भेटतो. नवपरिणीत व्याध प्रेमामुळे दुबळा होतो व पूर्वीचे जड धनुष्य त्याला ओढवत नाही, म्हणून तो ते तासून हलके करतो, अशी कल्पना तेथे आली आहे. कवीची थट्टा बाजूस ठेवली, तरी धनुष्याची जाडी व ओढ यांचे नाते त्या काळच्या लोकांस नेमके ठाऊक होते, हे त्यावरून दिसते. त्याच ग्रंथात एकमेकांना वाचविण्यासाठी पुढे होणारे हरिणाचे जोडपे पाहून धनुष्य टाकून देणारा व्याधही आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार सविस्तर वर्णिले. राजा जे विनोद म्हणून करीत होता, तेच रानातला मनुष्य पोटासाठी करीत होता.

आता या विद्येच्या अंतरंगाकडे वळू. कामठा वेळूचा असे. वेळू सर्वत्र मिळतो, हलका असतो आणि वाकवून सोडताच झटक्याने सरळ होतो. तथापि त्याचा खात्रीचा पल्ला थोडा. वीस-पंचवीस पावलांच्या आत जनावर आले, तरच तीर वर्मी बसण्याचा भरवसा. सांबराचे नाक व कान तर असे तीक्ष्ण, की जमिनीवरून इतके जवळ जाणे जवळजवळ अशक्य. या अडचणीतून मचाण निघाले. शेताची राखण करण्यासाठी आपण जो माळा बांधतो, त्याचेच ते रानातले भावंड होय. हरिणाची नजर सहसा वर जात नाही आणि उंचावर बसलेल्या माणसाचा वास बराचसा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. तरीही वारा पाहूनच झाड निवडावे लागे.

झाड निवडणे म्हणजे रानाचे पंचांग वाचणे. हिवाळ्यात आवळ्याची फळे गळू लागली, की हरिणे त्या झाडाखाली येणार. उंबर पिकला, की त्याखाली येणार. चैत्र-वैशाखात ओढे आटले, की उरलेल्या पाणवठ्यावर आल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. चांदण्या रात्री प्रहरच्या प्रहर न हलता बसावे लागे. वरून तीर सोडताना नेम किंचित खाली धरावा लागतो, आणि फरा व बरगडी यांच्या सांध्यामागेच तो बसावा लागतो. तीर लागताच जनावर धावत सुटते. त्या वेळी त्याच्या मागे पळणे हा नवशिकेपणा. काही काळ थांबून, रक्ताच्या थेंबांवरून व मोडलेल्या गवतावरून माग काढीत जाणे, हेच या विद्येतील सर्वांत अवघड अंग. एका तीरास पुष्कळ धीर लागतो, व म्हणूनच या रीतीने रान ओस पडत नसे.

ही स्थिती इंग्रजी अमलात पालटली. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यास फाशी देण्यात आले, तेव्हापासूनच डोंगरातील माणसाच्या हातातील शस्त्राकडे सरकार संशयाने पाहत होते. पुढे १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वनकायद्याने राखीव रानात नियमांविरुद्ध शिकार करणे किंवा फास लावणे हा गुन्हा ठरविला. शस्त्रकायद्याच्या व्याख्येत बंदूक, तलवार यांच्या पंक्तीत धनुष्यबाणही जाऊन बसला. त्याच काळात परवाना घेतलेले साहेबलोक मचाणावर बंदूक घेऊन बसत, आणि हाकारा करावयास गावचीच माणसे लावीत. झाड तेच, जनावर तेच, माग काढणारा माणूसही तोच. परंतु एकाच्या कृत्यास शिकार हे नाव मिळाले व दुसऱ्याच्या कृत्यास चोरी. फासेपारध्यांवर तर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेतून जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला, आणि तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. आपल्या कानांवर पडणाऱ्या त्या शेऱ्याचा उगम येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. बंदुका, जीपगाड्या व तोडलेली जंगले यांनी वन्य पशूंची संख्या घटविली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली; १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही संपली. १९८५ मध्ये भीमाशंकरचे अभयारण्य जाहीर झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने हिरडा, मध यांसारख्या गौण वनोपजावरील आपला हक्क मान्य केला, पण शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. या वेळी बंदी श्रीमंत व गरीब दोघांनाही सारखीच आहे, हा १८७८ च्या तुलनेत मोठा फरक होय. म्हणून आज कोणी तरुण परंपरेच्या नावाखाली रानात फास किंवा बंदूक घेऊन जात असेल, तर त्याने पूर्वजांची साक्ष काढू नये. पूर्वजांना जी गरज होती ती त्याला नाही, आणि त्यांच्या अंगी जो संयम होता तोही त्यात दिसत नाही.

मग या विद्येचे काय करावे? पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आदिवासींच्या जुन्या वस्तू जतन केलेल्या आहेत. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मुलांना तेथे अवश्य न्यावे. वेळूच्या धनुष्याची तिरंदाजी राष्ट्रीय स्पर्धांत आजही खेळली जाते. ज्यांच्या मुलांचा नेम चांगला आहे, त्यांनी त्या मार्गाचा विचार करावा. वस्तूपेक्षाही नाशिवंत आहे ती भाषा. वाऱ्याची, झाडांची, पावलांच्या ठशांची जी नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, ती त्यांच्याबरोबरच जातील. गावोगावच्या शिकलेल्या मुलामुलींनी ती वेळीच टिपून घ्यावीत व आपल्या मंडळाकडे पाठवावीत. पुढील स्मरणिकांत त्यांना जागा मिळाली, तर आपल्या पूर्वजांविषयी इतरांनी लिहिलेले वाचण्याऐवजी आपण स्वतः लिहिलेले पुढच्या पिढीच्या हाती देता येईल.