कोल्हापूरला बंदर होतं

क्रूझने जायचं असं घरात नक्की झालं तेव्हा आप्पांचा पहिला प्रश्न होता, "ती बोट मालवणात थांबतीया काय रे?" आमच्या मुरगूडला पाणी म्हणजे एक वेदगंगा आणि दुसरा सर पिराजीराव तलाव. तिथल्या माणसाला समुद्राकडे निघताना आधी मालवण आठवावं यात गंमत वाटेल, पण त्याला जुना इतिहास आहे.

कोल्हापूरला एकेकाळी स्वतःचं बंदर होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर मालवण आणि हा किल्ला कोल्हापूरकडे राहिला. म्हणजे सह्याद्रीच्या अलीकडे बसलेल्या दरबाराचं आरमार पलीकडे मालवणात! किल्ल्यावरच्या शिवराजेश्वर मंदिरातला सभामंडप शाहू महाराजांनी बांधून दिला, तो याच जुन्या नात्यातून.

मालवणची गलबतं परवान्याशिवाय जाणारी जहाजं धरत. इंग्रजांच्या कागदांत याला सरळ चाचेगिरी म्हटलंय. आता परवाना नसलेलं जहाज धरणं हा धंदा पोर्तुगीजांनी त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून या किनाऱ्यावर केला होता, पण त्याला कुणी चाचेगिरी म्हटलं नाही. असो. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार राणी जिजाबाई पाहत होत्या. किल्ला ठेवणं इंग्रजांना परवडेना, तेव्हा पावणेचार लाख रुपयांच्या वर रक्कम ठरवून घेऊन त्यांनी तो परत केला. मात्र १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले कोल्हापूरने कायमचे गमावले. कोल्हापूरचा समुद्र तिथे संपला.

आता क्रूझकडे येतो. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ साधारणपणे संध्याकाळी सुटते, रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदराला लागते. नकाशावर तिची वाट बोटाने धरून बघा. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. ज्यासाठी हा किनारा बघायचा ती सगळी गावं अंधारात, लांबून, आपण बुफेच्या रांगेत उभे असताना निघून जाणार! (बुफेबद्दल माझी तक्रार नाही, तो तिकिटातच असतो.)

जुन्या आगबोटीचं नेमकं उलटं होतं. ती थांबत थांबतच जायची. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता, म्हणून बोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, पोरंबाळं सगळं त्या हलत्या पडावातून वर चढायचं आणि खाली उतरायचं. पावसाळ्यात हे सगळं बंद. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणी माणूस गणपती-शिमग्याच्या ओढीने याच बोटींनी ये-जा करत होता. स्वदेशीच्या दिवसांत इंग्रजी कंपनीला टक्कर द्यायला देशी कंपनी निघाली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना नावंही संतांची, रामदास, तुकाराम अशी.

त्यातली 'रामदास' १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. दिवस गटारी अमावास्येचा, बोटीवर सातशेच्या आसपास माणसं. सहाशेहून जास्त गेली. महिनाभरात स्वातंत्र्य आलं आणि त्या गर्दीत ही बातमी मागे पडली. आईला मी हे आत्ता सांगणार नाहीये. पण स्वतः मात्र सुरक्षा कवायत नीट बघणार आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते पहिल्याच तासात पाहून ठेवणार.

पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी आल्या. रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली आणि बोटी थांबल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तर आगबोट हा शब्दच आजोबांच्या गप्पांपुरता उरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली होती, तीही पुढे बंद पडली. नाव कान्होजींच्या घराण्याचं. त्याच घराण्यातल्या तुळाजीचं आरमार १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गाला जाळलं. आपलंच आरमार जाळायला आपणच मदत केली, ही गोष्ट मला अजून पचत नाही.

तर माझा बेत असा आहे. एकाच बाजूचं तिकीट मिळालं तर मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझ, आणि परत येताना गाडीने किनाऱ्या-किनाऱ्याने घरी. गोव्यात एक पूर्ण दिवस जुन्या गोव्याला द्यायचा. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. उरली ती चर्चेस. त्यातलं बॉम जेझू आई-आप्पांना सावकाश दाखवायचं. मग वेंगुर्ला. आंबोली घाटातून बेळगावचा माल याच बंदरात उतरायचा आणि सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली होती, तिचे अवशेष आहेत. तिथून मालवण, किल्ला, आणि मग फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी, मुदाळतिट्टा, मुरगूड. हा शेवटचा टप्पा चारेक तासांचा. एवढ्या अंतरावर समुद्र असून आम्ही तिघांनी मिळून तो कधी बघितलेला नाही.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. पावसाळ्यात मालवण जेटीवरून किल्ल्याच्या होड्या सुटत नाहीत. आप्पांचे गुडघे बघता होडीत चढणं-उतरणं हाच सगळ्यात अवघड भाग असणार, म्हणून तो दिवस मोकळा ठेवलाय आणि ओहोटी कधी आहे ते आदल्या रात्री होडीवाल्यालाच विचारायचं आहे. केबिनला खिडकी घ्यायची की बिनखिडकीची यावर घरात अजून एकमत नाही. अंधारात काय दिसणार, असं आईचं म्हणणं. आप्पा म्हणतात, मालवणच्या बाजूला किमान दिवे तरी दिसतील.