व्हिव्हियन थॉमस आणि ओटी टेक्निशियनचा कागद

"दवाखान्यात लाग, बघत बघत शिकशील." बारावी झालेल्या आपल्या पोरापोरींनी ओटी टेक्निशियन व्हायचं म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. हातात काम असलं की कागद कोण विचारतो, असंही वर सांगतात. कोण विचारतो, ते अमेरिकेतल्या एका माणसाच्या आयुष्यातून कळतं.

व्हिव्हियन थॉमस, जन्म १९१०. नॅशव्हिलमध्ये वाढलेला काळा सुतार. डॉक्टर होण्यासाठी पैसा साठवत होता, महामंदीत बँक बुडाली आणि तो गेला. १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस म्हणून लागला. काही वर्षांत प्राण्यांवरच्या अवघड शस्त्रक्रिया स्वतः करू लागला. पगारपत्रकावर मात्र हुद्दा होता सफाई कामगाराचा! आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

१९४१ मध्ये ब्लेलॉक त्याला घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. तिथे डॉ. हेलन टॉसिग यांनी 'ब्लू बेबीं'चा प्रश्न मांडला. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे फुप्फुसांकडे पुरेसं रक्त जात नाही, मूल निळं पडतं. थॉमसने सुमारे २०० कुत्र्यांवर प्रयोग करून धमनी जोडण्याचं तंत्र बसवलं, तान्ह्या बाळाला चालतील अशा सुया आणि चिमटे तयार केले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यायचा ते थॉमस सांगत होता. पुढच्या वर्षी शोधनिबंध आला. नावं दोन, ब्लेलॉक आणि टॉसिग. घर चालवायला थॉमस ब्लेलॉक यांच्याच पार्ट्यांत दारूचे पेले भरत असे. मेरिटचा जप करणाऱ्यांनी हे मेरिट कुठल्या रकान्यात भरायचं ते सांगावं.

नंतर त्याने पदवी घ्यायचं ठरवलं, तर इतक्या वर्षांच्या अनुभवाला कॉलेजात किंमत शून्य. पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, म्हणजे डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी. त्याने नाद सोडला. १९७६ मध्ये हॉपकिन्सने त्याला मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची!

जात कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं. शस्त्रक्रियागृहातही ती उतरंड आहेच. कागदाने ती मोडत नाही, पण कागद नसेल तर तुमची पायरी दुसराच कुणी ठरवतो.

म्हणून फी भरण्याआधी विचारा. अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाला संलग्न आहे? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी असेल तर पत्र दाखवा म्हणावं. प्रत्यक्ष ओटीत किती तास, कुठल्या रुग्णालयात? पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती लागू आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून कार्यालयातला माणूस विषय बदलत असेल तर समजून घ्या.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यात ओटी तंत्रज्ञांचा समावेश आहे. त्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं आणि किमान दोन वर्षांचं हवं. 'सहा महिन्यांत टेक्निशियन' असे फलक गल्लोगल्ली दिसतात. सहा महिन्यांत २००० तास म्हणजे रोज अकरा तास, रविवार धरून.